परदेशी डॉक्युमेंटरी क्रूचं इथलं काम घेताना

पुण्यातल्या एका सहाय्यक दिग्दर्शिकेचा प्रश्न आहे. युरोपातल्या चार जणांच्या डॉक्युमेंटरी क्रूने तिला विचारलं आहे. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात येणाऱ्या ऊसतोड कामगार बायकांवर त्यांना डिसेंबर-जानेवारीत दोन आठवडे चित्रीकरण करायचं आहे आणि इथली सगळी बाजू तिने सांभाळावी अशी त्यांची इच्छा आहे. तिने आजवर मालिका आणि जाहिराती केल्या आहेत, परदेशी क्रूबरोबर काम केलेलं नाही. परवानग्या कोणत्या लागतात, पैसे कसे ठरवायचे आणि फिक्सर म्हणून, म्हणजे परदेशी क्रूची इथली बाजू सांभाळणारी व्यक्ती म्हणून, नेमकी जबाबदारी काय, असं तिला विचारायचं आहे.

मी जबाबदारीपासून सुरू करते, कारण उरलेली दोन्ही उत्तरं तिच्यावरच ठरतात. क्रू दोन आठवड्यांनी विमानात बसेल. ज्या बाईची मुलाखत झाली ती मात्र हंगाम संपेपर्यंत त्याच फडात (तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात), त्याच मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या, हाताखाली ऊस तोडत राहील, आणि पुढच्या वर्षी कदाचित त्याच्याचकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेईल. तिच्याकडे दिग्दर्शकाचा नंबर नसेल, तुमचा असेल. चित्रीकरणापायी तिच्यावर काही बेतलं तर फोन तुम्हाला येईल. त्यामुळे मानधन क्रूकडून मिळत असलं तरी तुम्ही बांधील दोन्हीकडे आहात, आणि दोघांचं हित एकमेकांच्या आड आलं तर तुम्ही बाईच्या बाजूने उभ्या राहणार आहात, हे पहिल्याच व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगा. चांगल्या दिग्दर्शकाला हे ऐकून बरं वाटतं. आपल्याला न दिसणारे धोके बघणारं कुणीतरी आहे, हे त्याला कळतं. ज्याला हे ऐकून अडचण वाटते त्याचं काम घेऊ नका.

आता व्हिसा. कथापट, मालिका आणि वेब सिरीजसाठी परदेशी निर्माते इंडिया सिने हबकडे जातात. एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) अखत्यारीत २०१५ मध्ये फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस म्हणून सुरू झालेली ही यंत्रणा. डॉक्युमेंटरीचा रस्ता वेगळा आहे. क्रूने आपल्या देशातल्या भारतीय दूतावासात अर्ज करायचा, तिथून तो परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो, आणि परवानगी मिळाली की पत्रकारांसाठीचा व्हिसा मिळतो. अर्जासोबत विषयाचा गोषवारा, ठिकाणं, तारखा, प्रत्येकाच्या पासपोर्टचा तपशील आणि उपकरणांची यादी लागते. यात आठवडे जातात, विषय नाजूक असेल तर महिनेही. डिसेंबरचं चित्रीकरण असेल तर पावसाळ्यातच अर्ज गेलेला बरा.

या वेळी हमखास एक सूचना येते: आमची टीम छोटी आहे, कॅमेरेही छोटे आहेत, पर्यटक म्हणून येऊन जातो. याला साफ नकार द्या. पकडले गेले तर त्यांना परत पाठवतील आणि पुढे व्हिसा मिळणं अवघड होईल, हा त्यांचा तोटा. पण चौकशीला पोलीस ठाण्यात बसावं लागेल ते तुम्हाला, तुमच्या ड्रायव्हरला आणि ज्या टोळीत (एकत्र ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या गटात) ते सापडले त्या टोळीला. टोळीतल्या माणसांना तर आपण कशात अडकलो हेसुद्धा कळणार नाही. गोषवाराही खराच लिहा. 'ग्रामीण महाराष्ट्राचं लोकजीवन' असं मोघम लिहून प्रत्यक्षात या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर प्रश्न विचारायचे, हे चालणार नाही. 'ऊसतोड कामगार महिलांचं स्थलांतर, काम आणि आरोग्य' हे शब्द खरे आहेत, पुरेसे आहेत आणि कुठल्याही अधिकाऱ्यासमोर त्यांच्या बाजूने बोलता येतं.

एक बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. क्रूमध्ये भारतीय वंशाचं कुणी असेल, अगदी आपल्याच नात्यागोत्यातला तिकडे वाढलेला मराठी मुलगा कॅमेऱ्यावर असेल, आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल, तर त्याला वाटतं की आपल्याला काहीच नको. पत्रकारितेच्या कामासाठी ओसीआय कार्डधारकांनाही विशेष परवानगी लागते. २०२१ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट लिहिलं आहे. क्रूची यादी हातात आली की हे पहिल्यांदा तपासा.

सामानाबद्दल माझा सल्ला असा की कॅमेरा बॉडी, लेन्स आणि साउंड रेकॉर्डर त्यांनी आणावं, बाकी सगळं अंधेरीतून किंवा पुण्यातून भाड्याने घ्यावं. आपल्याकडे भाड्याच्या उपकरणांबरोबर अटेंडंट येतो. परदेशी क्रूला हे नवीन असतं आणि एक माणूस वाढला म्हणून ते कुरकुरतात. त्यांना समजावून सांगा. उसाच्या पाचटाची धूळ लेन्समध्ये गेली की हाच माणूस उपयोगी पडतो. जे सामान तिकडून येईल त्याची सीरियल नंबरांसह यादी करा. कार्नेट (सामान तात्पुरतं देशात आणण्याचा कस्टम्सचा कागद) असेल तर कार्नेटवरचा आणि वस्तूवरचा नंबर अक्षरशः एक हवा. एका अंकाच्या फरकाने कस्टम्समध्ये दिवस जातो. परत जाताना कार्नेटवर बाहेर पडल्याचा शिक्का मारून घ्यायला विसरू नये, म्हणून त्या दिवशी त्यांच्याबरोबर विमानतळावर तुमचा माणूस असावा. बॅटऱ्या केबिन बॅगेतच, १०० वॉट-अवरपर्यंत बिनबोभाट. १०० ते १६० च्या बॅटऱ्या एअरलाइनला विचारून, आणि त्याही दोनच.

दोन वस्तू मात्र घरीच ठेवून यायला सांगा, लेखी सांगा. एक म्हणजे सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं गिर्यारोहकांचं छोटं यंत्र. युरोपात ते कुणीही दुकानातून विकत घेतं. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर त्यापायी परदेशी पाहुण्यांना अटक झालेली आहे. दुसरी वस्तू ड्रोन. फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे त्यांचा ड्रोन कस्टम्समध्येच अडकेल. इथला प्रमाणपत्रधारक रिमोट पायलट आणि नोंदणी असलेला ड्रोन घ्या, डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा, आणि उडवण्याआधी गावच्या पोलीस पाटलाला आणि सरपंचांना प्रत्यक्ष भेटून सांगा. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या किती तरी गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, या चर्चेने लोक जागून काढत होते. ती भीती अजून ताजी आहे. न सांगता वर भिरभिरणारा ड्रोन दिसला की लोक काठ्या घेऊन धावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

इथल्या परवानग्यांमध्ये तुमच्या विषयासाठी तीनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाला आणि स्थानिक ठाण्याला परवानगीच्या प्रतीसह पत्र. ज्याच्या शेतात फड आहे त्या शेतकऱ्याची संमती. ही सगळे विसरतात, आणि मग ऐन वेळी बांधावर मालक येऊन उभा राहतो. आणि कारखान्याच्या कार्यकारी संचालकांची लेखी परवानगी. कारखान्याच्या आवारात वजनकाटा, गाड्यांची रांग, ऊस जिथे यंत्रात टाकतात ती गव्हाण हे सगळं क्रूला हवंच असतं. गव्हाणीजवळ सँडल घालून फिरणारा ध्वनिमुद्रक मी चालवून घेत नाही. बूट आणि हेल्मेट कंपल्सरी. सहकारी कारखान्याची निवडणूक तोंडावर असेल तर परवानगीची आशा सोडा आणि दुसरा कारखाना बघा, कारण त्या काळात कुठलाही संचालक कॅमेऱ्याशेजारी उभं राहायला तयार नसतो. राहण्याचंही आधी बघून ठेवा. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच लॉजना ती सवय नसते आणि ते रात्री दारातून परत पाठवतात.

आता खऱ्या कामाकडे येते.

तुमचा क्रू येताना एक गोष्ट मनात घेऊन येणार आहे. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्या जगभर गेल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आकडा हादरवणारा आहे आणि जगाने तो पाहायलाच हवा. पण त्यानंतर काही गावांत इतके कॅमेरे आले, की तिथल्या बायका आता प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात. पाहुणे येतात, पोट दाखवायला लावतात, जातात. म्हणून मी दिग्दर्शकाला सांगते की त्या प्रसिद्ध झालेल्या गावांत जायचं नाही. गोष्ट शस्त्रक्रियेपाशी सुरूही होत नाही. पहाटे तीन-चारला उठून फडात जाणं, दिवसभर मोळ्या वाहणं, कोपीजवळ (राहायच्या झोपडीजवळ) न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत स्वच्छ पाणी नाही, त्यातून होणारे आजार, एक दिवस बसलं तर खाड्याचा दंड, आणि मग कॅन्सरची भीती घालणारा डॉक्टर. ही साखळी क्रमाने दिसली तर प्रेक्षकाला ती बाई कळते. शेवटची कडी आधी दाखवली की प्रेक्षकाला फक्त धक्का बसतो. दिग्दर्शकाशी असं बोलणं हा लुडबुडेपणा नाही. इथली माहिती असलेलं माणूस त्यांनी त्यासाठीच शोधलेलं असतं.

रेकीला, म्हणजे आधीच्या पाहणीला, कॅमेरा न घेता जा, शक्य तर दिग्दर्शकालाही न घेता. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी या तालुक्यांतून टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात. त्याआधी गावात जाऊन एखाद्या टोळीशी ओळख करून घेतलीत तर उत्तम, म्हणजे फडात तुम्ही ओळखीच्या म्हणून पोहोचता. बरोबर दुभाषी म्हणून बीडकडचीच बाई घ्या. पुण्याची प्रमाण मराठी ऐकली की समोरची बाई सरकारी कार्यालयात बसल्यासारखी बोलू लागते. 'अक्का' म्हणून हाक मारणारी, स्वतः उसाच्या फडात वाढलेली, शिकून कुठे आशा सेविका किंवा शिक्षिका झालेली मुलगी सापडली तर तिला चांगले पैसे देऊन दोन्ही आठवडे बरोबर ठेवा. अख्ख्या क्रूमध्ये तिच्याइतकं मोलाचं कुणी नाही.

मुकादमाला टाळून काहीही करू नका. परदेशी दिग्दर्शकाच्या मनात तो खलनायक असतो. प्रत्यक्षात तो बहुधा त्याच गावचा, कधी नात्यातला असतो. त्याने कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचललेले असतात आणि टोळी पळाली तर तो स्वतः बुडतो. शोषण आहेच, पण ते त्या एका माणसापाशी संपत नाही, आणि हे चित्रपटात यायचं असेल तर त्याच्याशीही सभ्यपणे बोलावं लागतं. त्याला पहिल्या दिवशी भेटा, काय चित्रित करणार ते खरं सांगा, त्याच्या कामाच्या वेळा विचारा. त्याचीही मुलाखत हवी असेल तर बायकांच्या मुलाखतींच्या दिवशी घेऊ नका. एकाच दिवशी घेतली की 'तिने काय सांगितलं' हे त्याच्या कानावर जायला वेळ लागत नाही.

मुलाखतीची वेळ हा सगळ्यांत अवघड भाग. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. म्हणजे तुम्ही तिला अर्धा दिवस बसवून ठेवलंत तर त्या जोडप्याचे साडेतीनशेहून जास्त रुपये तिथेच गेले, वर खाड्याची टांगती तलवार. फडात काम चालू असताना फक्त चित्रण करा, प्रश्न विचारू नका. गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारी, टोळी असेल तर एक चांगली वेळ सापडते. बैलगाडी भरली की नवरा ती घेऊन कारखान्यावर जातो आणि तिथे रांगेत त्याचे तास जातात. बाई तेव्हा कोपीवर असते, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत किंवा चूल पेटवत. सासू, दीर, इतर पुरुष जवळ नसतात. ती काम करता करता बोलते, आणि ते बोलणं खुर्चीवर बसवून घेतलेल्या कुठल्याही मुलाखतीपेक्षा खरं असतं. क्रूला मात्र लहान करा: कॅमेऱ्यावर एक बाई, दुभाषी, फार तर दिग्दर्शक. बाकीच्यांना गाडीपाशी थांबवा. कॅमेरावुमन मिळत नसेल तर मुंबईतून घ्या. या विषयासाठी हा खर्च टाळू नये.

पैसे द्यायचे का? बहुतेक परदेशी वाहिन्यांचा नियम असतो की मुलाखतीसाठी पैसे द्यायचे नाहीत. नियम योग्य आहे, कारण पैसे घेऊन माणूस समोरच्याला हवं ते बोलू लागतं. पण बुडालेली मजुरी भरून देणं वेगळं आणि ते द्यायलाच हवं. वरचा हिशेब निर्मात्यासमोर मांडा, चित्रीकरणाआधी रक्कम ठरवा, सगळ्या जणींना सारखी द्या, आणि ती तिच्या हातात द्या. नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हातात नाही. खर्चाच्या नोंदीत 'बुडीत मजुरी' असं स्वच्छ लिहा. टोळीसाठी काही करायचंच असेल तर त्यांनाच विचारा. एका टोळीने माझ्याकडे सोलर दिवे मागितले होते, कारण रात्री गाडी भरताना बायकांना साप-विंचवाची भीती असते. आपण कपडे आणि बिस्किटांचाच विचार करत बसतो.

संमतीपत्राबद्दल. वाहिनीचा कागद इंग्रजीत, चार पानांचा, वकिलांनी लिहिलेला असतो. त्यावर अंगठा घेऊन मोकळं होणं कायद्याने कदाचित पुरेसं असेल, माझ्या लेखी नाही. मराठीत अर्ध्या पानाचा मजकूर करा आणि तो वाचून दाखवा: हा चित्रपट जगात कुठेही, कितीही वर्षं दिसू शकतो, मोबाइलवर तुझ्या गावातही दिसू शकतो, तुझ्या नवऱ्याला, डॉक्टरला, मुलीच्या सासरच्यांना दिसू शकतो. मुलीच्या सासरचा उल्लेख झाला की बाई खऱ्या अर्थाने विचार करू लागते, असा माझा अनुभव आहे. मी तीन वेळा विचारते. ओळख झाल्यावर कॅमेऱ्याशिवाय, मुलाखतीच्या आधी कॅमेऱ्यावर, आणि मुलाखत संपल्यावर, जेव्हा आपण काय बोललो हे तिला माहीत असतं. तिसऱ्या वेळी ती नको म्हणाली तर तो भाग वापरायचा नाही. हे कलम करारात आधीच घालून घ्या. त्या क्षणी वाद घालायला वेळ नसतो.

ओळख लपवायची ठरली तर चेहरा काळा करून भागत नाही. गावातलं माणूस आवाजावरून, लुगड्यावरून, बांगड्यांवरून, बैलाच्या शिंगांच्या रंगावरून ओळखतं. ट्रॅक्टरचा नंबर, ट्रॉलीवरचं नाव, कोपीवरच्या ताडपत्रीचा रंग, हाका मारताना घेतलेलं मुलाचं नाव, हे सगळं बघावं लागतं. म्हणून ज्या जणींची ओळख लपवायची आहे त्यांचे भाग संकलन पक्कं होण्याआधी तुम्हाला दाखवले जावेत, हीही करारातली अट. 'भारतात आम्ही हा चित्रपट दाखवणारच नाही' या आश्वासनावर विसंबू नका. व्हॉट्सॲपला देशांच्या सीमा नाहीत. फडात लहान मुलं कामाला लागलेली दिसतील आणि क्रूला ती टिपावीशी वाटतील. त्यांच्या बाबतीत पालकांची संमती हवीच. एखाद्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कुणी बोलून गेलं, तर तिची ओळख कुठल्याही प्रकारे उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. अशा वेळी तुम्ही चित्रण थांबवायचं. मागाहून दिग्दर्शकाशी बोलता येईल.

सगळेच विषय इतके जपून करावे लागतात असं नाही. वारीला परदेशी क्रू येतात तेव्हा अडचण उलटी असते. तिथे कुणी लपत नाही, सगळे मोकळेपणाने बोलतात, 'माऊली, पाणी घ्या' म्हणत क्रूलाच सांभाळून घेतात. अडतं ते हलणं. दिवेघाटात वाहनं बंद असतात, फलटणच्या आसपास मुक्कामाला खोली मिळणं अशक्य. त्यामुळे मी क्रूला एका दिंडीशीच जोडून देते. दिंडीचा ट्रक त्यांचं सामान नेतो, रात्री त्यांच्या राहुटीशेजारी यांची राहुटी, जेवण पंगतीत. दिंडीचालकाशी आणि विणेकऱ्याशी ओळख असली की बाकी दारं आपोआप उघडतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांना मात्र आधी भेटलंच पाहिजे. रिंगणात कुठे उभं राहायचं ते त्यांनीच सांगायचं. अश्व धावत असताना रिंगणाच्या आत कॅमेरा घेऊन पळणारा माणूस स्वतःच्या आणि घोड्याच्या जिवाशी खेळतो. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि हजारोंचा तळ शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात, मग तिचं ऐकून घेतलं जातं. ही गोष्ट मी प्रत्येक ध्वनिमुद्रकाला आधी सांगते, कारण त्या गर्दीत ती शोधून सापडत नाही. ती माहीत असावी लागते.

मधूनच क्रू म्हणेल, एक दिवस अजिंठ्याला जाऊया, किंवा ताडोबात वाघ टिपूया. हो म्हणू नका. अजिंठा-वेरूळला पुरातत्त्व खात्याची स्वतंत्र परवानगी लागते (आणि अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद असतं), ताडोबाला वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची. व्हिसाच्या अर्जात ज्या जागा नाहीत तिथे कॅमेरा काढायचा नाही, इतकं साधं उत्तर पुरेसं आहे.

भाषांतरासाठी वेगळे दिवस धरा. मुलाखत चालू असताना दुभाष्याने सारांश सांगावा, आणि दिग्दर्शकाने त्या वेळी दुभाष्याकडे न बघता बाईकडे बघावं. हे त्याला आधी शिकवावं लागतं. नंतर टाइमकोडसह (चित्रणातल्या नेमक्या वेळेच्या नोंदीसह) शब्दशः भाषांतर, आणि तेही त्याच बीडकडच्या मुलीने तपासलेलं. परदेशात बसलेल्या संकलकाला फक्त कागद दिसतो. कागदावर चुकलं तर चित्रपटात चुकलं.

राहिले पैसे. एकरकमी आकडा देऊ नका. तयारीचे दिवस, चित्रीकरणाचे दिवस आणि नंतरचे दिवस असे तीन भाग करा आणि प्रत्येकाचा दिवसाचा दर लिहा, कारण तुमचं निम्मं काम क्रू येण्याआधीच होणार आहे आणि ते फुकट धरण्याची सवय सगळ्यांना असते. परवानग्यांचं शुल्क, गाड्या, ड्रायव्हरचा भत्ता, दुभाषी, अटेंडंट, विमा हे वेगळ्या ओळींत. ड्रायव्हरच्या कामाचे तास बारा, त्यावर जास्त लागले तर दुसरा ड्रायव्हर. पहाटे तीनला फडात आणि रात्री दहाला कारखान्यावर एकाच माणसाने गाडी चालवणं हा या कामातला सगळ्यांत मोठा धोका आहे, कुठल्याही परवानगीपेक्षा मोठा. निम्मी रक्कम क्रू विमानात बसायच्या आधी तुमच्या खात्यात जमा झालेली असावी, आणि रोख खर्चासाठी वेगळी आगाऊ रक्कम. स्वतःचे पैसे घालून नंतर बिलं पाठवू, असं कधीही करू नका; बिल पास करणारा माणूस तिकडे हिशेब खात्यात बसलेला असतो आणि त्याने ऊस पाहिलेला नसतो. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिलीत तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, म्हणून गाडीवाल्यांना आणि लॉजवाल्यांना शक्यतो ऑनलाइनच. परदेशातून आलेल्या रकमेवर जीएसटी कसा लागतो हे कोटेशन पाठवण्याआधी सीएला विचारा, कारण १८ टक्के नंतर मागता येत नाहीत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये परदेशी निर्मितींसाठी इथल्या खर्चाच्या परताव्याची योजना आणली, डॉक्युमेंटरीही तिच्यात धरली होती; ती अजून चालू आहे का ते बघा. निर्मात्याला ते माहीत नसेल तर सांगा, पण त्याचा अर्ज भरून देण्याचे पैसे वेगळे लावा.

चार गोष्टी करारात लेखी हव्यात. चित्रण थांबवण्याचा अधिकार तुम्हाला. संमती मागे घेतल्यास तो भाग न वापरण्याची हमी. ओळख लपवलेले भाग तुम्हाला आधी दाखवणं. आणि श्रेयनामावलीत तुमचं आणि दुभाषी मुलीचं नाव, तुमच्या दोघींची इच्छा असेल तर.

'नंतरचे दिवस' ही ओळ कापायला निर्माता सर्वांत आधी सांगेल, आणि तीच सोडायची नाही. त्या दिवसांत फोन येतात: मुकादम विचारतो, नवरा विचारतो, कधी एखादा पुढारी विचारतो. त्या बायकांना चित्रपट पूर्ण होण्याआधी त्यांचा भाग दाखवायचा असतो, लॅपटॉपवर, त्यांच्या गावी, दार लावून. टोळ्या एप्रिलअखेर गावी परतलेल्या असतात, तेव्हा मे किंवा जूनमध्ये बीडचा दोन दिवसांचा दौरा आत्ताच धरा. संकलन लांबलं तर दसऱ्याआधी, कारण त्यानंतर त्या पुन्हा निघतात. तुमचं आणि दुभाषी मुलीचं मानधन, गाडी आणि एक मुक्काम, एवढाच खर्च आहे; कोटेशनच्या पहिल्या मसुद्यातच तो लिहून पाठवा.